गुन्हा पाहिला आणि धमक्या सुरू झाल्या: साक्षीदाराने स्वतःच्या संरक्षणासाठी टप्प्याटप्प्याने काय करावे

भारतात साक्षीदाराच्या संरक्षणाची कायदेशीर व्यवस्था आहे. मात्र ती आपणहून दारात येत नाही. ती लेखी मागावी लागते, आणि त्या मागणीमागे धमक्यांच्या तारीखवार नोंदी असाव्या लागतात. जो साक्षीदार धमकी आल्यावर गप्प राहतो, त्याच्या बाबतीत पुढे काही विपरीत घडले तर आधी काय झाले होते हे दाखवायला कोणाकडेच काही नसते. जो त्याच दिवशी पोलिसांकडे कागद देऊन पोच घेतो, त्याच्याकडे पुढच्या प्रत्येक अर्जाला लागणारा आधार तयार असतो. पुढे दिलेला क्रम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांना आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेला धरून आहे.

धोका केव्हा वाढतो

पोलीस तपासात साक्षीदाराचा जबाब नोंदवतात, पण तो जबाब न्यायालयात साक्षीची जागा घेऊ शकत नाही. साक्षीदार स्वतः न्यायालयात येऊन शपथेवर सांगतो आणि उलटतपासणीला सामोरा जातो, तेव्हाच त्याचे म्हणणे पुरावा ठरते. म्हणूनच आरोपीच्या बाजूचा सगळा जोर या मधल्या काळावर असतो, आणि हा काळ आपल्याकडे अनेकदा वर्षांत मोजावा लागतो. त्यातही काही क्षण अधिक नाजूक असतात. दोषारोपपत्र दाखल झाले की त्याच्यासोबत साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती आरोपीला मिळतात, आणि तोवर केवळ अंदाज असलेले नाव कागदावर दिसू लागते. दुसरा क्षण आरोपीच्या जामिनाचा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळे अटकेची तारीख साक्षीदारानेही लक्षात ठेवावी. तिसरा क्षण म्हणजे साक्षीचे समन्स हाती पडल्यानंतरचे दिवस.

घटनेनंतरचे पहिले काही तास

आधी सुरक्षित जागी जावे आणि मग ११२ वर फोन करावा. जिवावर बेतेल अशा ठिकाणी उभे राहून चित्रीकरण करू नये. केले असेलच, तर ते समाजमाध्यमांवर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नये आणि वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीला कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया देऊ नये. आपण घटना पाहिली आहे ही माहिती जितक्या कमी लोकांकडे असेल तितके बरे. अनेकदा साक्षीदाराचे नाव पोलिसांकडून फुटण्याआधी त्याच्या स्वतःच्या उत्साहातूनच बाहेर गेलेले असते.

त्याच दिवशी एकांतात बसून काय पाहिले ते क्रमाने लिहून काढावे: वेळ, उजेड कसा होता, आपण किती अंतरावर होतो, कोणी काय केले, कोणते शब्द कानावर पडले, वाहनाचा क्रमांक. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून कळलेले वेगळे लिहावे. इतर प्रत्यक्षदर्शींशी तपशील जुळवत बसू नये, कारण उलटतपासणीत नेमका हाच मुद्दा पकडला जातो. ओळखपरेड होण्याची शक्यता असेल तर संशयितांची छायाचित्रे पाहणे कटाक्षाने टाळावे.

रस्ते अपघाताच्या बाबतीत कायदा थोडा वेगळा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ नुसार, जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण आहे आणि त्याला स्वतःची ओळख देण्याची सक्ती करता येत नाही.

जबाब देताना

तपास अधिकारी जबाब नोंदवतो तेव्हा साक्षीदाराची सही घेतली जात नाही. कायद्यानेच तशी सही घेण्यास मनाई आहे. तरीही जबाब वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि चूक असेल तर तिथेच सांगावी. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, ते स्वतः तयार असले तर गोष्ट वेगळी. ज्या वस्तीत आरोपीचे नातेवाईक राहतात, तिथे पोलिसांची गाडी दाराशी उभी राहणे हीच मोठी जाहिरात ठरते. अशा वेळी साध्या वेशात येण्याची किंवा दुसऱ्या ठिकाणी भेटण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही.

या टप्प्यावर दोन मागण्या जरूर कराव्यात. पहिली, आपला पत्ता व फोन क्रमांक आरोपीच्या हाती जाणाऱ्या कागदांत येऊ नये ही. जबाबातील एखादा भाग आरोपीला उघड करणे न्यायासाठी आवश्यक नाही आणि लोकहिताच्या दृष्टीने इष्टही नाही असे पोलीस अधिकाऱ्याचे मत झाले, तर तो भाग प्रतींतून वगळण्याची विनंती त्याला दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. तपास अधिकारी हे आपणहून करतोच असे नाही, म्हणून त्याला लेखी विनंती द्यावी. दुसरी मागणी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवण्याची. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा फाशी अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी समोर आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवावा असे हे कलम आता स्पष्ट सांगते. हा जबाबही न्यायालयातील साक्षीला पर्याय नाही, पण तो शपथेवर झालेला असतो, आणि पुढे ‘पोलिसांनी मनाचेच लिहिले’ असे म्हणायला आरोपीला जागा उरत नाही. दबाव आणण्यातला फायदाही तेवढ्याने कमी होतो.

धमकी आल्यावर

धमकी उघड शब्दांतच येते असे नाही. मुलांच्या शाळेचे नाव सहज घेणे, घरासमोर रोज एकच मोटारसायकल थांबणे, नात्यातल्या कोणाकडून ‘सांभाळून राहा म्हणावं’ असा निरोप येणे, हेही धमकीचेच प्रकार आहेत आणि त्यांचीही नोंद व्हायला हवी. एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण, माणूस, साधन आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘मला धमकावले’ या वाक्याने पोलिसांनाही पुढे जाता येत नाही आणि न्यायाधीशांनाही. ‘अमुक तारखेला, अमुक चौकात, अमुक माणूस हे हे बोलला’ हे वाक्य मात्र तपासता येते.

फोनवरून धमकी आली असेल तर संताप आवरून पुरावा जपावा. क्रमांक लगेच ब्लॉक करणे, संदेश पुसणे किंवा फोन बदलणे टाळावे. संदेशाच्या केवळ चित्रप्रतीवर (स्क्रीनशॉटवर) विसंबू नये, मूळ संभाषण आणि मूळ ध्वनिमुद्रण ज्या फोनवर आहे तो फोन तसाच ठेवावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते देणे सोपे जाते. नवा क्रमांक घ्यायचाच असेल तर तो मोजक्या लोकांना द्यावा आणि जुना क्रमांक चालू ठेवून दुसऱ्या फोनमध्ये घालावा.

त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी. खोटी साक्ष देण्यासाठी कोणाला धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट एफआयआर नोंदवता येतो. ठाण्यात मात्र अशा तक्रारीवर ‘एनसी’ करून, म्हणजे अदखलपात्र नोंद करून, बोळवण केली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे तक्रारीत मूळ गुन्ह्याचा क्रमांक, आपण त्यात साक्षीदार असल्याची बाब आणि कलम २३२ चा उल्लेख स्पष्ट असावा. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर कलम ३५१ चाही उल्लेख करावा. धमकी दुसऱ्या हद्दीत मिळाली असली तरी कोणत्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो, यालाच शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणे म्हणतात. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नये.

ठाण्याने तक्रार घेतलीच नाही, तर तिचा मजकूर नोंदणीकृत टपालाने पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांना, पाठवावा. तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम २३२ च्या बाबतीत साक्षीदाराला थेट न्यायालयात फिर्याद देण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. आरोपी स्वतःच पोलीस असेल किंवा त्याचे ठाण्यात वजन असेल, तर स्थानिक ठाण्याच्या फेऱ्या मारण्यात वेळ घालवू नये. वरिष्ठांकडे, राज्य मानवी हक्क आयोगाकडे, आणि प्रसंग तसा असेल तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात दाद मागावी.

जिल्ह्याच्या समितीकडे संरक्षणाचा अर्ज

महेंद्र चावला विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ मान्य केली आणि कायदा होईपर्यंत ती देशभर कायद्यासारखी लागू राहील असे सांगितले. आसाराम याच्यावरील खटल्यांतील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. याचिकाकर्ते चावला हेही त्या साक्षीदारांपैकी एक, आणि २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला होता. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्य सरकारवर स्वतःची योजना तयार करून अधिसूचित करण्याचे बंधन घातले आहे. आपल्या राज्याच्या योजनेत नमुने आणि मुदती वेगळ्या असू शकतात, तेव्हा अर्जापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. पुढे दिलेली रचना २०१८ च्या योजनेतील आहे.

ही योजना फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांतील साक्षीदारांसाठी आहे. विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग अशा महिलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांचा त्यात खास समावेश आहे. धोक्याचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्यात साक्षीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या जिवाला धोका असतो, दुसऱ्यात सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला, आणि तिसऱ्यात छळ वा दडपणापुरता मध्यम स्वरूपाचा. निर्णय घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य असतात आणि जिल्ह्यातील सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव असतात. अर्ज जिथे गुन्हा घडला त्या जिल्ह्याच्या समितीकडे, सदस्य सचिवांमार्फत द्यायचा असतो. तो साक्षीदार स्वतः देऊ शकतो, कुटुंबीय देऊ शकतात, वकील किंवा तपास अधिकारीही देऊ शकतो.

अर्जाच्या नमुन्यात साक्षीदाराची, मूळ गुन्ह्याची आणि आरोपीची माहिती विचारलेली असते. धमकी देणारा किंवा तसा संशय असलेला इतर कोणी असल्यास त्याचेही नाव. सर्वांत महत्त्वाचा रकाना धमकीच्या स्वरूपाचा. त्यात तारीख, ठिकाण, धमकीचे साधन आणि प्रत्यक्ष वापरलेले शब्द मागितलेले असतात, आणि वर सांगितलेली वही इथे उपयोगी पडते. त्याखाली कोणते संरक्षण हवे आणि तातडीने काय हवे हे लिहायचे असते. इथे केवळ ‘पोलीस संरक्षण मिळावे’ एवढेच लिहू नये, कारण दाराशी शिपाई बसवणे हा उपलब्ध उपायांपैकी एक आहे आणि लहान वस्तीत तो कधीकधी उलट अडचणीचा ठरतो. तपासात व खटल्यात आरोपीशी समोरासमोर येऊ न देणे, घराभोवती नियमित गस्त, सीसीटीव्ही किंवा भक्कम दरवाजा बसवणे, फोन क्रमांक बदलून देणे, कागदपत्रांत खऱ्या नावाऐवजी बदललेले नाव किंवा अक्षर वापरणे, तात्पुरते नातेवाइकाकडे किंवा जवळच्या गावी राहण्याची सोय, न्यायालयात ने-आण करण्यासाठी बंदोबस्तासह वाहन, बंद दालनात सुनावणी, साक्षीच्या वेळी आधार देणारी व्यक्ती सोबत ठेवणे, तहकुबीविना रोजच्या रोज साक्ष नोंदवणे आणि साक्षीदार संरक्षण निधीतून आर्थिक मदत, हे सगळे मागता येते. अपवादात्मक परिस्थितीत नवी ओळख किंवा दुसऱ्या ठिकाणी पुनर्वसनही मिळू शकते, आणि नवी ओळख देताना शिक्षण, व्यवसाय व मालमत्तेचे जुने हक्क जाऊ नयेत अशी तरतूद आहे.

अर्ज आल्यावर संबंधित उपविभागाचे सहायक पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षक धोक्याचा अहवाल तयार करतात. समितीचा आदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत तो समितीकडे पोहोचला पाहिजे, आणि अहवालानंतर आणखी पाच दिवसांत अर्ज निकाली निघाला पाहिजे. दरम्यान समिती अंतरिम संरक्षण देऊ शकते, आणि जिवाला तत्काळ धोका असेल तर पोलिसांना समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. समिती साक्षीदाराशी शक्यतो प्रत्यक्ष बोलते आणि हे कामकाज गोपनीय असते. निर्णय मान्य नसेल तर आदेशापासून १५ दिवसांत पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. खोटी माहिती देऊन संरक्षण घेतल्याचे आढळले तर झालेला खर्च वसूल होऊ शकतो, त्यामुळे धमकी आहे त्यापेक्षा मोठी करून सांगू नये.

एक बाब फार सहज नजरेतून सुटते. संरक्षणाचे उपाय एका वेळी तीन महिन्यांहून अधिक काळासाठी दिले जात नाहीत. खटले वर्षानुवर्षे चालत असताना ही मुदत मला या योजनेची सर्वांत दुबळी बाजू वाटते. मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच वाढीचा अर्ज आणि त्या काळात घडलेल्या घटनांच्या नोंदी द्याव्यात. मुदत उलटल्यावर धावाधाव करू नये.

इतर काही कायद्यांतही स्वतंत्र तरतुदी आहेत. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ खाली साक्षीदारालाही संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च व पुनर्वसन यांचा हक्क आहे, आणि बालकांच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात साक्ष देताना मुलाला आरोपी दिसणार नाही याची काळजी घेणे बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते.

जामीन

साक्षीदारावर दबाव आणू नये ही जामिनाची नेहमीची अट असते आणि ती मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. तरीही जामिनाच्या सुनावणीची खबर साक्षीदाराला मिळेलच असे नाही. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून तारखांवर स्वतः लक्ष ठेवावे आणि आलेल्या धमक्यांच्या पोच असलेल्या प्रती सरकारी वकिलांकडे जामिनाच्या सुनावणीपूर्वीच द्याव्यात. जामीन मिळाल्यावर धमकी आली तर तपास अधिकारी व सरकारी वकील या दोघांनाही लेखी कळवून जामीन रद्द करण्याचा अर्ज करण्यास सांगावे.

घर, येणे-जाणे आणि मध्यस्थ

घरातल्या मोठ्यांना परिस्थितीची पूर्ण कल्पना द्यावी आणि मुलांना फक्त गरजेपुरते सांगावे: कोणासोबत जायचे, कोणासोबत नाही. शाळेत, मुलांना घ्यायला कोण येणार त्यांची नावे लेखी द्यावीत. येण्या-जाण्याच्या वेळा आणि रस्ते बदलते ठेवावेत. समाजमाध्यमांवर आपण कुठे आहोत हे कळेल अशी छायाचित्रे कुटुंबातल्या कोणीही टाकू नयेत. शस्त्र जवळ बाळगण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण बेकायदा शस्त्र सापडले तर साक्षीदाराचाच आरोपी होतो.

धमकीपेक्षा मध्यस्थ हाताळणे अधिक अवघड, कारण तो बहुधा ओळखीचा असतो आणि ‘मिटवून टाका, कशाला कोर्टाच्या भानगडीत पडता’ असे आपुलकीने सांगतो. त्याच्याशी वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. भेटीला एकट्याने जाऊ नये, पैसे किंवा वस्तू घेऊ नये, आणि मुद्रांक कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये. जबरदस्तीने सही घेतली गेली असेल तर त्याच दिवशी पोलिसांना आणि सरकारी वकिलांना लेखी कळवावे. उशीर झाला की ती सही स्वखुशीने केली असे म्हटले जाते.

दबावाखाली साक्ष फिरवली की धोका टळतो, हा समज खरा नाही. न्यायालयात खोटी साक्ष देणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. २००२ च्या दंगलीतील हत्याकांडाच्या, वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला, आणि वारंवार भूमिका बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार जाहिरा शेख यांना २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद सुनावली. भयाच्या सावटाखालील साक्षीदाराला शिक्षा होणे मनाला पटत नाही, हे खरे. पण फितूर होणाऱ्याचे जुने भय तसेच राहते आणि वर नवा खटला मागे लागतो, हेही तितकेच खरे. बोलणे अशक्य वाटत असेल तर साक्ष फिरवण्याऐवजी न्यायाधीशांना ‘माझ्यावर दबाव आहे’ असे स्पष्ट सांगावे.

साक्षीच्या दिवशी आणि त्यानंतर

समन्स मिळताच सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब वाचून घ्यावा आणि न्यायालयात कुठे बसायचे, कोणत्या दाराने यायचे हे ठरवून घ्यावे. आरोपीसमोर बोलण्याची भीती वाटत असेल तर पडदा, वेगळे दालन किंवा दूरचित्रसंवादाद्वारे (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) साक्ष यांसाठी आधीच अर्ज करावा. दूरचित्रसंवादाने साक्ष नोंदवणे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच वैध ठरवले होते, आणि असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र उभारण्याचे निर्देश २०२२ मध्ये दिले. लहान मुलांसोबत लैंगिक अत्याचाराच्या पीडित व्यक्ती आणि धोक्याखालील साक्षीदारही त्यात येतात. न्यायालयाच्या आवारात आरोपीच्या माणसांनी गाठले तर दालनात जाऊन न्यायाधीशांना सांगावे, म्हणजे त्याची नोंद होते. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी घेतलेली साक्ष, झाल्यावर उलटतपासणी लांबणीवर टाकण्याची मागणी आली, तर मधल्या काळात दबाव येण्याची भीती सरकारी वकिलांमार्फत न्यायालयाच्या निदर्शनास आणावी.

साक्ष पूर्ण झाल्यावर दबाव बहुधा ओसरतो, पण सूडाची शक्यता उरते. २०१८ ची योजना धोक्याची व्याख्या करताना तपास व खटल्यानंतरचा काळही गृहीत धरते, म्हणून निकालानंतर धमकी आली तरी त्याच समितीकडे, त्याच नमुन्यात अर्ज करता येतो. वही, पोच असलेल्या तक्रारी आणि जुना फोन अपील निकाली निघेपर्यंत जपून ठेवावेत, आणि कागदांचा एक संच घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे किंवा वकिलाकडे ठेवावा.